मोडता येईल असं वचन



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय 'नव्या उद्योगाचं घोषवाक्य' असा छापला आहे. काल इथं संतसाहित्य झालं, उद्या हवामानबदल आहे, मग मधेच हे दुकानदारीचं काय, असं काहींच्या मनात आलं असेल. मी मात्र हा विषय मागून घेतला. अठ्ठावीस वर्षं मी वाणिज्य शाखेच्या मुलांना १८७२ चा भारतीय करार कायदा शिकवला. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला. एवढ्या वर्षांनी त्यातली एकच गोष्ट माझ्या हाडीमाशी खिळली आहे, ती आधीच सांगून टाकते. घोषवाक्य हे वचन असतं. आणि जे मोडलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, त्याला वचन म्हणत नाहीत. घोषवाक्य असं निवडा, की उद्या गिऱ्हाईक तेच वाक्य घेऊन तुमच्याशी भांडायला येऊ शकेल.

घोषवाक्य कशाला म्हणायचं आणि ब्रीदवाक्य कशाला, या वादात मी शिरत नाही, तो तुम्हाला ठाऊक आहे. 'स्लोगन' हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला, सैन्याची आरोळी हा त्याचा मूळ अर्थ, एवढं सांगते आणि पुढं जाते. आरोळी ठोकली की माघारी फिरता येत नाही, हे त्यातलं आपल्या कामाचं.

२०१८ साली माझ्या भाचीनं आणि तिच्या मैत्रिणीनं कोल्हापुरात शाहूपुरीत जिन्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि लहान धंद्यांना तंत्रज्ञानाचा सल्ला देणारी कंपनी काढली. कॉम्प्युटर कुठला घ्यायचा, बिलं कशात करायची, बॅकअप कुठं ठेवायचा, दुकानातला वायफाय पोरांच्या हाती किती द्यायचा, हे सगळं. आदल्या वर्षी १ जुलैला जीएसटी लागू झाला होता. त्यानंतरच्या महिन्यांत काय पळापळ झाली, ते समोर बसलेल्या व्यापाऱ्यांना मी सांगायला नको. (हशा) हसताय म्हणजे आठवतंय!

पाटी रंगवायला टाकायची होती आणि घोषवाक्य ठरत नव्हतं. दोघींनी कागदावर एकेचाळीस वाक्यं लिहिली होती. 'तुमच्या व्यवसायाला डिजिटल पंख.' 'एकच ध्यास, ग्राहकांचा विकास.' 'विश्वास, गुणवत्ता, तत्परता.' मुली हुशार, कष्टाळू, आणि प्रत्येक वाक्यामागे खरी कळकळ होती. मी त्यांना म्हटलं, प्रत्येक वाक्य उलटं करून बघा. 'आम्हाला ग्राहकांच्या विकासाचा ध्यास नाही', अशी पाटी कुणी लावेल का? कुणीच लावणार नाही. मग जे वाक्य सगळेच म्हणणार, ते तुमचं कसं? तासाभरात एकेचाळीसपैकी चाळीसांवर काट बसली. उरलेलं एक यमकासाठी ठेवलं होतं, तेही नंतर गेलं.

याउलट पुण्यातल्या जुन्या दुकानांवरची पाटी आठवा. 'आमची कोठेही शाखा नाही.' (हशा) हसू नका, त्या चार शब्दांना मी मनापासून मान देते. उद्या शाखा निघाली तर पाटी खोटी ठरेल आणि सगळ्या पेठेला कळेल. किंवा आपल्या एसटीचं घ्या. १ जून १९४८ ला अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली. पुढं 'गाव तिथे एसटी' हे वाक्य घराघरात गेलं. त्याची ताकद काय? ज्या गावात एसटी येत नव्हती, त्या गावच्या सरपंचाच्या हाती त्या वाक्यानं अर्ज दिला. 'तुम्हीच म्हणता ना, गाव तिथे एसटी? मग आमचं गाव गाव नाही का?' वाक्यानं महामंडळाला बांधून घातलं. याला मी घोषवाक्य म्हणते.

पण काट मारणं सोपं, नवं वाक्य कुठून आणायचं? ते दोघींना सापडलं मार्केट यार्डात.

डिसेंबर महिना, गुळाचा हंगाम भरात. ओळखीच्या एका अडत्यांकडे दोघी निघाल्या, मीही बरोबर गेले. एका बाजूला रव्यांच्या थप्प्या, हवेत गुळाचा गोड वास. टेबलाच्या काचेखाली देवीचा फोटो, त्याच्या शेजारी जीएसटीचं प्रमाणपत्र. टेबलाखाली सीपीयू, त्यावर धूळ बसू नये म्हणून रिकामं पोतं. कीबोर्डवरचं एंटरचं बटण गुळाच्या हातानं इतकं चिकट झालेलं, की दाबलं की वर यायला वेळ घ्यायचं. बाकावर चार शेतकरी आपापल्या पट्टीची वाट बघत बसलेले. हिशेबाची पट्टी हातात पडल्याशिवाय शेतकरी उठत नाही, आणि तो उठल्याशिवाय अडत्याला जेवण गोड लागत नाही.

भाचीनं माहितीपत्रक पुढं केलं. त्यांनी ते वाचलंही नाही. म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे ताई. सौदा निघालाय, शेतकरी पट्टीला बसलाय, आन् ह्ये बंद पडलं, तर कोण येणार? आन् कधी?"

श्रोतेहो, मला तर तिथंच घोषवाक्य दिसलं. गिऱ्हाइकाच्या तोंडून जो प्रश्न पहिला निघतो, त्याचं उत्तर म्हणजे तुमचं घोषवाक्य. घरी येताना भाची रिक्षात म्हणाली, "अडलं, तर त्याच दिवशी दारात." तिची मैत्रीण एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, आम्ही दोघीच आहोत. एक स्कूटर आहे. रोज कसं जमणार?"

हा प्रश्न फार मोलाचा होता. त्या रात्री बारापर्यंत आम्ही हिशेब करत बसलो. दोघी जास्तीत जास्त किती गिऱ्हाइकं सांभाळतील? किती अंतरापर्यंत? तिसरा मुलगा कामावर घ्यावा लागेल, त्याचा पगार किती? एक जादा सीपीयू आणि एक जादा प्रिंटर कायम तयार ठेवावा लागेल, त्यात पैसे अडकणार. ठरलं असं, की कोल्हापूरपासून पंचवीस किलोमीटरच्या आतलंच काम घ्यायचं. पुढच्याच महिन्यात सोलापूरचं एक मोठं काम चालून आलं, ते हात जोडून परत केलं. म्हणजे वाक्यानं नुसती पाटी ठरवली नाही, कंपनीच ठरवली. कुणाला नोकरी द्यायची, कुठलं काम सोडायचं, सगळं त्या पाच शब्दांनी ठरवलं. म्हणून मी सांगते, घोषवाक्य सगळ्यात शेवटी, पाटी रंगवणारा दारात आल्यावर निवडू नका.

आता इथं मला एक खटला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे विद्यार्थी मागच्या रांगेत दिसताहेत, त्यांना तो पाठ आहे. (हशा) पण इतरांसाठी सांगते.

१८९१ सालचं लंडन, इन्फ्लुएन्झाची साथ चाललेली. 'कार्बोलिक स्मोक बॉल' नावाची वस्तू विकायला आली. रबरी चेंडू, त्याला नळी, आत कार्बोलिक आम्लाची पूड. नळी नाकाशी धरून चेंडू दाबायचा. किंमत दहा शिलिंग. कंपनीनं जाहिरात दिली, की सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला, तर १०० पौंड देऊ. आणि आमचा शब्द खरा, याची खूण म्हणून १,००० पौंड अलायन्स बँकेत ठेवले आहेत. लुईझा एलिझाबेथ कार्लिल या बाईंनी तो चेंडू आणला. २० नोव्हेंबरपासून नेमानं वापरला. आणि १७ जानेवारी १८९२ ला त्यांना इन्फ्लुएन्झा झाला!

बाईंचे पती वकील. त्यांनी पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुसरं लिहिलं, उत्तर नाही. तिसऱ्याला बिननावी उत्तर आलं, की खोटे दावे टाळण्यासाठी बाईंनी रोज आमच्या कचेरीत यावं आणि आमच्या चिटणीसासमोर चेंडू वापरावा. विचार करा! आजारातून उठलेल्या बाईनं रोज कचेरीत जाऊन नाकाशी चेंडू धरायचा. (हशा) बाई कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टात कंपनीची बाजू मांडायला अ‍ॅस्क्विथ होते, जे पुढं १९०८ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान झाले. कंपनीचं म्हणणं, ही नुसती जाहिरातीतली फुशारकी, ती कुणी मनावर घेतं का? वरच्या कोर्टाचे न्यायमूर्ती लिंडली यांनी बँकेतल्या हजार पौंडांवर बोट ठेवलं. फुशारकीच मारायची होती, तर पैसे कशाला ठेवलेत? ज्यानं पैसे बाजूला काढले, त्यानं वचन दिलं. बाई जिंकल्या. त्यानंतर त्या पन्नास वर्षं जगल्या आणि १९४२ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी वारल्या, मृत्यूच्या कारणांत वार्धक्याबरोबर इन्फ्लुएन्झाही नोंदलेला आहे.

मी दरवर्षी वर्गात विचारायची, आजही विचारते. तुमच्या वाक्यामागे तुम्ही बँकेत काय ठेवलं आहे? काहीच नसेल, तर ती फुशारकी.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं उरली आहेत म्हणे. कार्लिलबाईंनी माझा वेळ घेतला, पण त्यांच्याविना मी हा विषय मांडूच शकत नव्हते. टिपणातले तीन मुद्दे सोडते.

श्रोत्यांतूनही एक चिठ्ठी आली आहे, ती वाचते. 'आयबीएमचं घोषवाक्य थिंक, म्हणजे विचार करा, एवढंच होतं. त्यात कुठलं वचन? तरी कंपनी मोठी झालीच ना?' प्रश्न रास्त आहे, पण मी माघार घेणार नाही. थॉमस वॉटसन यांनी तो शब्द १९११ मध्ये, आधीच्या नोकरीत असताना, आपल्या विक्रेत्यांसाठी वापरायला सुरुवात केली. पुढं १९२४ मध्ये ज्या कंपनीचं नाव आयबीएम झालं, तिच्या भिंतींवर तो लागला. तो मालकानं आपल्या माणसांना दिलेला आदेश होता. घरातल्या भिंतीवर काहीही लिहा, माझी हरकत नाही. मी बोलतेय ती रस्त्याकडे तोंड केलेल्या पाटीबद्दल.

तुम्हाला अमेरिकेचंच उदाहरण हवं असेल तर एव्हिसचं घ्या. भाड्यानं मोटारी देणारी, हर्ट्झच्या मागे दुसऱ्या नंबरवर असलेली कंपनी. १९६२ मध्ये तिनं जाहीर सांगितलं, आम्ही दुसरे आहोत, म्हणून जास्त झटतो. आणि जाहिरातीत लिहिलं, की मोटारीतलं रक्षापात्र घाण ठेवणं आम्हाला परवडत नाही. झालं! मोटारीत बसणारा प्रत्येक माणूस आधी रक्षापात्र उघडून बघणार. हेच ते, पकडता येणारं वचन.

एक धोका मात्र सांगायलाच हवा, नाहीतर माझ्याकडून अर्धवट सल्ला जाईल. डॉमिनोजचं अर्ध्या तासाचं वचन अमेरिकेत १९९३ मध्ये मागं घेतलं गेलं, कारण पिझ्झा पोचवण्याच्या घाईत अपघात झाले, खटले झाले. भाचीनंही आधी 'तासाभरात' असं लिहिलं होतं. मी विचारलं, पावसाळ्यात शिरोलीच्या हायवेवर स्कूटर कोण पळवणार? वचनाची किंमत मालकानं द्यावी, नोकरानं जिवावर उदार होऊन नव्हे. म्हणून 'त्याच दिवशी'.

(घंटा) झालंच. नव्या उद्योजकांनी दोन गोष्टी टिपून घ्या. वाक्य वेगळं आणि ओळखू येणारं असेल, तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली नोंदता येतं. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. आणि वाक्य मराठीत करा. पाटी मराठीत हवी असा कायदाच आहे, पण मी त्यासाठी म्हणत नाही. भांडताना माणूस आपल्या भाषेत भांडतो, म्हणून वचनही त्याच भाषेत द्यावं.

अध्यक्ष महाराज, शेवटची दोन मिनिटं द्या.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. पाणी चढायला लागलं तशा या मुलींनी एकेका गिऱ्हाइकाला फोन केले, सीपीयू माळ्यावर ठेवा, वायरी काढा. तरी हायवेपलीकडच्या अकरा जणांकडे त्या आठवड्यात त्यांना पोचता आलं नाही. महिनाअखेर त्या अकरा जणांना बिलाच्या जागी एक ओळ गेली. 'अडलं तेव्हा त्याच दिवशी आलो नाही, म्हणून या महिन्याची फी नाही.'

शिरोलीच्या एका कारखानदारांचा फोन आला. मी तिथंच बसले होते. ते म्हणत होते, पोरी, पुरात कोण येणार होतं? बिल पाठव. मला करार कायद्याचं कलम ५६ आठवत होतं. जी गोष्ट करणं अशक्य होऊन बसतं, तिच्या बंधनातून कायदा माणसाला मोकळं करतो. भाचीला ते मीच शिकवलं होतं. ती फोनवर एवढंच म्हणाली, "काका, पाटीवर 'पूर सोडून' असं लिहिलेलं नाही."