गिटार कोणाच्या नावावर?

आम्ही वरळी कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बाया. गटातून कर्ज निघतं ते जाळ्यासाठी, मासळीसाठी, पोरांच्या फीसाठी. आम्ही मिळून गिटार घेतली तेव्हा घरोघरी एकच प्रश्न आला, "हिचा उपयोग काय?"

उपयोग सांगतो. हळदीला, नारळी पौर्णिमेला गाणी आम्ही म्हणतो, वाद्य मात्र पुरुषांच्या हाती. ते आले नाहीत की आमचं गाणं अडतं.

ही गिटार नुसतीही वाजते आणि स्पीकरलाही जोडता येते. तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली पिकअप असतो, तो कंप पकडतो. आत ९ व्होल्टची बॅटरी असते. वाजवून झालं की वायर काढा, नाहीतर बॅटरी उतरते.

स्वस्तातली घेताना तार दाबून बघा. तारा फार उंच असतील तर बोटं सोलतात. खाऱ्या हवेत तारा गंजतात, म्हणून कोरड्या फडक्याने पुसून पिशवीत ठेवा. सुरुवातीला बोटं दुखतात. पण कोयत्याने घट्टे पडलेल्या हातांना त्याचं काय!

हप्ते फिटतील. गटाच्या वहीत गिटारीपुढे नावं आमची आहेत. ढोलकी असो, पेटी असो, परवडेल ते वाद्य तुम्हीही आपल्या नावावर घ्या.