धर्म कैद्याचा, तुरुंगाचा नव्हे

शिर्डीत रामनवमी आणि उरूस एकाच दिवशी, एकाच मशिदीत, साईबाबांच्या द्वारकामाईत होतात. या गावाला धर्मस्वातंत्र्य शिकवायला मी आलेलो नाही. मला बोलायचे आहे ते द्वारकामाईपर्यंत पाऊल टाकू न शकणाऱ्या माणसांविषयी, तुरुंगातल्या बंद्यांविषयी.

1932 साली गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी अधिकाऱ्यांकडे संडास साफ करण्याचे काम मागितले. ते मिळेना, कारण अप्पासाहेब ब्राह्मण, आणि तुरुंगाची कामे जात पाहून वाटलेली. कैद्यांच्या धर्माला आपण धक्का लावत नाही, असे इंग्रज सरकार समजत होते. अप्पासाहेबांचा धर्म मात्र नेमके तेच काम करायला सांगत होता! त्यांनी अन्न सोडले. ते कळताच येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनी डिसेंबरच्या आरंभी उपवास धरला, तेव्हा कुठे सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिले.

या प्रसंगाकडे अस्पृश्यतानिवारणाचा एक अध्याय म्हणून पाहिले जाते. मला त्यात तुरुंगातल्या धर्मस्वातंत्र्याचा मूळ प्रश्न दिसतो. कैद्याचा धर्म कोणी ठरवायचा? त्याने, की त्याचे नाव-आडनाव वाचणाऱ्या कारकुनाने? धर्म सांभाळतो म्हणणाऱ्या सरकारने एकाच्या विवेकाला कुलूप घातले आणि दुसऱ्याच्या हातात जन्मभराचा झाडू दिला. ही व्यवस्था इंग्रजांबरोबर गेली नाही. सफाईसाठी मेहतर किंवा हरी जातीचे कैदी निवडावेत, असे पश्चिम बंगालची तुरुंग नियमावली सांगत राहिली. सुकन्या शांता या पत्रकार महिलेने याचिका केली आणि 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. अप्पासाहेबांच्या उपवासाला तेव्हा 92 वर्षे होत आली होती. हा उशीर लाजिरवाणा आहे.

त्याच 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात निराळे घडत होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असे तुरुंगात जन्मले. ऐकू इच्छिणाऱ्यांना ऐकू दिले, लिहिणाऱ्याला कागद मिळाला. तुरुंगाने एवढेच करायचे असते.

आज कायदा कैद्याच्या बाजूने आहे. प्रभाकर संझगिरी या मराठी स्थानबद्धाने अणुविज्ञानावरचे आपले हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. नियमांत लिहिलेल्या सवलतींपलीकडे स्थानबद्धाला काही मागता येत नाही, हा महाराष्ट्र सरकारचा युक्तिवाद 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मानला नाही. पुढे 1978 मध्ये सुनील बत्रा खटल्यात तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. धर्मस्वातंत्र्य देणारे संविधानाचे 25वे कलम त्या हक्कांतलेच आहे. संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियम आणखी एक पाऊल पुढे जातात: कैद्याला आपल्या धर्माच्या प्रतिनिधीला भेटता यावे, आणि त्याने भेट नाकारली तर तेही मानावे. हा नकाराचा हक्क मला फार मोलाचा वाटतो. भजनाला बसणारा बंदी चांगला आणि न बसणारा वाईट, असे ज्या बराकीत ठरते तिथे भक्तीचीही सक्तमजुरी होते.

पण हक्क शेवटी कुलपाच्या वेळापत्रकावर येऊन ठेपतो. रोजाची सहेरी पहाटेची; बराक उघडते त्यानंतर. मग जेवण आदल्या संध्याकाळीच हातात पडले पाहिजे. एकादशीला भगर मिळणे किंवा नवबौद्ध बंद्याला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ जवळ ठेवता येणे, हे अधीक्षकाच्या मर्जीवर सोडायचे विषय नव्हेत. आणि हे सारे गुन्हेगारांचे लाड आहेत, असे कुणी म्हणत असेल तर त्याने 2022 ची राष्ट्रीय आकडेवारी पाहावी: त्या वर्षी देशातल्या कैद्यांपैकी चारात तीनहून अधिक कच्चे कैदी होते, त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

शिर्डीकरांकडे माझे एक मागणे आहे. सणासुदीला तुरुंगात मिठाई पाठवता, ती जरूर पाठवा. पण त्याआधी तुरुंगाधिकाऱ्यांमार्फत आतल्या बंद्यांना विचारून घ्या, की तुम्हाला कोणते पुस्तक हवे, कोण भेटायला यायला हवे, की कोणीच नको. त्यात कुराण मागितले गेले तर ते मंदिरवाल्यांनी पाठवावे आणि गाथा मागितली गेली तर मशीदवाल्यांनी. या गावाला ते अवघड नाही.