भांडवलाची परिभाषा आणि आपण

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त नोएडा येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



हीरक महोत्सवातील हा मेळावा नोएडात भरला, याचा मला विशेष आनंद आहे. आपले अनेक विद्यार्थी आज या परिसरातील नव्या कंपन्यांत काम करतात. काहींनी स्वतःचे उद्योग उभारले आहेत. त्यांच्या नियुक्तिपत्रांत आणि करारांत जे शब्द येतात, ते कोणत्याही शालेय पाठ्यपुस्तकात नव्हते. मी भाषेची शिक्षिका आहे. अर्थशास्त्रात मला अधिकार नाही. परंतु अर्थ उमगल्यावाचून कोणत्याही शब्दाखाली सही करू नये, हे सांगण्याचा अधिकार भाषेच्या शिक्षिकेला आहे.

उद्योगाला पैसा तीन वाटांनी मिळतो : देणगी, कर्ज आणि भागीदारी. देणगीचे थोर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. त्याच्या उभारणीसाठी संयुक्त प्रांतातील ईश्वरदास वार्ष्णेय हे तज्ज्ञ आले होते. पैसा देणाऱ्याने तेथे नफ्याची अपेक्षा ठेवली नव्हती. देशी कारागीर तयार झाले, हाच त्याचा परतावा. कर्जाचे तसे नसते. धंदा बुडाला तरी ते फेडावेच लागते. जोखीम भांडवल, म्हणजेच व्हेंचर कॅपिटल, हे यांपैकी तिसऱ्या प्रकारचे. धंदा बुडाला तर पैसा बुडाला. चालला तर मालकीतील हिस्सा गुंतवणूकदाराचा. दहांतील बहुतेक उद्योग अपेशी ठरतील, पण एखादा सर्वांची भरपाई करील, हा त्यामागील हिशेब असतो.

नोएडातच त्याचा दाखला आहे. येथे मुख्यालय असलेल्या इन्फो एज या कंपनीचे नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ मध्ये सुरू झाले. २००० साली आयसीआयसीआय व्हेंचरने तिच्यात सुमारे ७ कोटी रुपये गुंतवले आणि २००६ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. पुढे हीच कंपनी स्वतः गुंतवणूकदार झाली. २०१० मध्ये तिने झोमॅटोत सुमारे ४.७ कोटी रुपये घातले. झोमॅटो बाजारात आली ती २०२१ साली. अकरा वर्षांचा धीर त्यामागे होता, हे ध्यानी घ्यावे.

आता मूल्यांकन हा शब्द पाहू. समजा, एखाद्या कंपनीची किंमत ४ कोटी ठरली आणि गुंतवणूकदाराने १ कोटी घातले. पैसा येण्यापूर्वीचे मूल्यांकन ४ कोटी, आल्यानंतरचे ५ कोटी आणि गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के. ज्याचा आधी १ टक्का होता, त्याचा आता ०.८ टक्का उरतो. यास डायल्यूशन म्हणतात. आपण हिस्सा विरळ होणे म्हणू. भाकरी मोठी झाली तर लहान चतकोरानेही पोट भरते. मात्र प्रत्येक नव्या फेरीत तो लहान होत जातो, हे आधीच ठाऊक असावे. शिवाय मूल्यांकन म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे. ते दोन पक्षांनी त्या दिवशी मान्य केलेले अनुमान असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये नोएडातील पेटीएमचा समभाग २१५० रुपयांना विकला गेला आणि बाजारात आला त्याच दिवशी सुमारे २७ टक्क्यांनी उतरला.

सर्वांत दुर्लक्षित शब्द म्हणजे लिक्विडेशन प्रेफरन्स, परतफेडीचा अग्रहक्क. बटाईच्या शेतीत खळ्यावर रास पडली की काही ठिकाणी बियाण्याचा खर्च आधी बाजूला काढतात आणि मग वाटे पडतात, तसेच हे. समजा, गुंतवणूकदारांनी ४० कोटी घालून निम्मी मालकी घेतली आणि कंपनी ५० कोटींना विकली गेली. अग्रहक्काने ते आपले ४० कोटी प्रथम घेतील. उरलेले १० कोटी बाकीच्यांत वाटले जातील. १ टक्का बाळगणाऱ्यास ५० लाखांची आशा असते. मिळतात २० लाख. कंपनी ४० कोटींना गेली, तर काहीच नाही.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमके हेच आले. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. विक्रीचा आकडा वर्तमानपत्रांत मोठा होता. त्या भरवशावर त्याने घराचा बयाणा दिला होता. करारात सारे स्पष्ट लिहिलेले होते. फसवणूक कोणीही केली नव्हती. शब्द मात्र कोणी वाचला नव्हता.

नोकरी करणाऱ्यांनी ईसॉपचे तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हक्क केव्हा पिकतो? त्यालाच व्हेस्टिंग म्हणतात. कायद्याने त्यास किमान एक वर्ष लागते आणि चार वर्षांची मुदत रूढ आहे. दुसरा, समभाग घेताना किती रक्कम भरावी लागेल? त्या दिवसाची किंमत आणि आपण भरलेली रक्कम यांतील फरक पगारी उत्पन्न धरून त्यावर कर लागतो, आणि तोही समभाग विकण्यापूर्वीच. तिसरा, नोकरी सोडल्यास काय? अनेक करारांत हक्क वापरण्यास थोडाच अवधी असतो.

पालकहो, आता आपणांसाठी. आपल्या भविष्यनिर्वाह निधीवर अनेकांची नजर असते. बाजारात नोंदणी न झालेल्या कंपनीचे समभाग स्वस्तात देतो, असे निरोप भ्रमणध्वनीवर येतात. कायदा असा की खासगी कंपनीला जाहिरात करून लोकांना समभाग देता येत नाहीत. खासगी विक्रीही, पात्र संस्था व ईसॉपधारक कर्मचारी वगळता, वर्षाला दोनशे जणांपलीकडे करता येत नाही. सेबीच्या २०१२ च्या नियमांनुसार पर्यायी गुंतवणूक निधीत सामान्य गुंतवणूकदाराची किमान रक्कम १ कोटी आहे. ही मर्यादा एवढी उंच ठेवली, कारण बुडाल्यास ज्याची चूल विझणार नाही, त्यानेच या वाटेला जावे. शिवाय अशा निधींची मुदत बहुधा दहा वर्षांच्या घरात असते. मुलीचे लग्न वा आजारपण तोवर थांबत नाही.

मातृभाषेतून शिकलेल्या मुलांना या इंग्रजी शब्दांची भीती वाटते, असे कोणी म्हणतात. माझा अनुभव असा की इंग्रजीत सहज बोलणारेही त्यांचा अर्थ विचारण्यास लाजतात. आमच्या मुलांनी लाजू नये. टर्म शीट हाती आली की प्रत्येक अट घरच्या माणसांना मराठीत समजावून सांगावी. जी अट सांगता येत नाही, ती आपल्यालाच कळलेली नाही, असे समजावे आणि जाणकार वकील वा सनदी लेखापालाकडे जावे. त्याचे शुल्क हा खर्च वाया जात नाही.

साठ वर्षे आपल्या शाळेने शब्दांचे अर्थ शिकविले. ज्यांना या क्षेत्राचे ज्ञान आहे, अशा माजी विद्यार्थ्यांनी दर वर्षी दहावी झालेल्या मुलांसाठी एक दिवस द्यावा, एवढी मागणी करते आणि आपणां सर्वांना हीरक महोत्सवाच्या शुभेच्छा देऊन माझे भाषण संपविते.