वजनाचा काटा आणि मुष्टियुद्धातील न्याय



मुष्टियुद्ध हा काही आपल्या घरचा खेळ नव्हे. आपला जीव तांबड्या मातीत. तेव्हा आजचा विषय आम्ही कोठून काढला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. 2024 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगाट ऑलिंपिकच्या अंतिम कुस्तीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभी राहिली आणि 50 किलोंवर 100 ग्रॅम जास्त भरली, हे आपण विसरला नसाल. ज्यांनी जन्मात आखाडा पाहिला नव्हता, तेही त्या दिवशी चहाच्या दुकानात वजनाविषयी भांडत होते. एवढ्याशा वजनाने काय बिघडते, हा तेव्हाचा प्रश्न. धंदेवाईक मुष्टियुद्धात हाच प्रश्न उलटा होऊन उभा राहतो. तेथे काट्यावर बरोबर उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी किती वाढलेला असावा, यावर वाद आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगतो. मुष्टियुद्धाचे गट रत्तलांत बांधलेले आहेत. हल्ली त्याला पौंड म्हणतात. पण पुढे पैशांचे पौंडही यायचे आहेत, म्हणून गल्लत नको, आम्ही आपला जुना रत्तलच वापरू. मिडलवेटची मर्यादा 160 रत्तल, लाइटवेटची 135. आता नेहमी 150 रत्तल वजनाचा असलेला योद्धा 135 च्या गटात कसा उतरतो? काही आठवडे चरबी झडवतो आणि शेवटच्या एकदोन दिवसांत पाणी काढतो. मीठ बंद, पाणी बंद, अंगावर घाम कोंडणारे कपडे, तापलेली खोली. काट्यावरून उतरताच पाणी, क्षार, भात असे सुरू होते, आणि दुसऱ्या रात्री रिंगणात येतो तो काट्यावर दिसलेला माणूस नसतोच.

पूर्वी वजन लढतीच्या दिवशीच होत असे. नोव्हेंबर 1982 मध्ये लास व्हेगास येथे रे मॅन्सिनी याच्याशी लढताना दक्षिण कोरियाचा डक कू किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि चार दिवसांनी वारला. त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. वजन आदल्या दिवशी घ्यावे, म्हणजे वाळलेल्या शरीराला पाणी भरायला अवसर मिळेल, ही रीतही त्याच दशकात रूढ झाली. हेतू दयेचाच होता. पण माणूस हिशेबी प्राणी आहे. पाणी भरायला चोवीस तास मिळतात असे दिसताच तो पूर्वीपेक्षा जास्त पाणी काढू लागला.

याचे फळ काय, ते 26 फेब्रुवारी 2000 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसले. आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत 141 रत्तलांवर ठरली होती. आदल्या दिवशी दोघेही मर्यादेत असल्याचे जाहीर झाले. काटा नीट स्थिरावण्याआधीच गॅटीला उतरू दिले, अशी गमाशच्या बाजूची तक्रार होती. लढतीच्या रात्री दूरचित्रवाणीवाल्यांनी आपल्या काट्यावर दोघांची वजने घेतली तेव्हा गमाश 145 आणि गॅटी 160. पंधरा रत्तलांचे, म्हणजे जवळजवळ सात किलोंचे अंतर! कागदावर मात्र दोघे एकाच गटाचे. दुसऱ्याच फेरीत गमाश बेशुद्ध पडला. मेंदूला इजा झाली आणि त्याचे रिंगण कायमचे सुटले. त्याने राज्याच्या क्रीडा आयोगावर दावा लावला. दहा वर्षांनी, 2010 मध्ये, न्यायाधीशांनी सांगितले की वजन घेण्यात हयगय झाली खरी. पण त्या जादा वजनामुळेच ही इजा झाली, हे सिद्ध झालेले नाही.

या निकालावर पुष्कळांनी नाके मुरडली. आम्हांला तो अन्यायाचा वाटत नाही, अडचणीचा वाटतो. ठोसा मारणाऱ्या हातातले कोणते वजन रास्त आणि कोणते चोरून आणलेले, हे फुटलेल्या मेंदूवरून कसे वाचणार? ही गोष्ट लढतीनंतर न्यायालयात सुटणारी नव्हे. ती आधीच सुटली पाहिजे.

म्हणून पुनर्जलनाची मर्यादा निघाली. आयबीएफ या संस्थेने आपल्या विजेतेपदाच्या लढतींसाठी वर्षानुवर्षे दुसरे वजन ठेवले होते. लढतीच्या सकाळी मर्यादेपेक्षा 10 रत्तलांहून अधिक वाढलेला चालत नसे. 2017 च्या मार्चमध्ये डॅनियल जेकब्स गोलोव्किनशी लढण्यापूर्वी या दुसऱ्या वजनाला गेलाच नाही. त्या संस्थेचा पट्टा त्याला जिंकता येणार नव्हता, पण लढत झाली. नियम मोडण्याची किंमत आधीच ठाऊक असली की काहीजण ती देऊन मोकळे होतात.

खरा घोटाळा येथून पुढे आहे. ही मर्यादा हळूहळू नियमपुस्तकातून उठून करारपत्रात जाऊन बसली. तेथे ती दोघांना सारखी लागते, पण कागदावर. एप्रिल 2023 मध्ये जर्वॉन्टा डेव्हिस आणि रायन गार्सिया यांची लढत 136 रत्तलांवर ठरली, आणि दुसऱ्या सकाळी दहाहून अधिक वाढायचे नाही असे कलम होते. डेव्हिस मुळात आटोपशीर अंगाचा; गार्सिया उंचापुरा आणि 140 रत्तलांवर लढून आलेला. मग त्या कलमाचा दोर कोणाच्या गळ्यात होता, हे सांगायला नको. सातव्या फेरीत बरगडीखाली ठोसा बसून गार्सिया हरला.

आणि 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनला ख्रिस युबँक धाकटा आणि कॉनर बेन यांची लढत झाली. यांचे बापही नव्वदीच्या सुरुवातीला एकमेकांशी लढलेले, म्हणजे भाऊबंदकीचा मामला. बेन दोन गट खालून वर आलेला. युबँकला 160 वर उतरायचे होते आणि सकाळी 170 च्या आत राहायचे होते. तो काट्यावर 0.05 रत्तल जास्त भरला. आपल्या मापाने जेमतेम दोन तोळे! दंड झाला 3,75,000 पौंडांचा. सोन्याचा भाव एवढा चढलेला असूनही दोन तोळ्यांना असा दर कोणत्या सराफाने घेतल्याचे ऐकिवात नाही. तरीही तो सकाळच्या मर्यादेत बसला, बारा फेऱ्या लढला, गुणांवर जिंकला आणि तेथून रुग्णालयात गेला.

लहान माणसाला मोठ्यापासून वाचवायचे म्हणून ही मर्यादा घातली, असे समर्थन केले जाते. पण पाहा, मोठ्या माणसाला आधी सुकवायचे आणि मग पाण्याच्या पेल्यावर पहारा बसवायचा, यात लहानाचे रक्षण किती आणि मोठ्याचे शोषण किती? वैद्य सांगतात की शरीर सुकले म्हणजे रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला जास्त धावावे लागते, उष्णता बाहेर टाकणे कठीण होते. अशा माणसाच्या डोक्यावर छत्तीस मिनिटे ठोसे पडायचे असतात. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात, तो कलम घालतो; ज्याला पैशांची गरज आहे, तो सही करतो. त्याने सही केली ना, मग तक्रार कसली, असे म्हणणारे सावकाराच्या खतावरही असेच बोलत.

मग मर्यादा नकोच काय? गमाशची आठवण असताना आम्ही तसे म्हणणार नाही. आमचे म्हणणे असे की मर्यादा पाण्यावर नको, पाणी काढण्यावर हवी. हे काही स्वप्न नाही. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीचे तीन तरुण अवघ्या काही आठवड्यांत वजन उतरवताना मेले. तेव्हा तेथल्या संघटनेने तापलेल्या खोल्या आणि रबरी पोशाख बंद केले, आणि हंगामापूर्वीच शरीरातील पाणी व चरबी तपासून प्रत्येकाचे किमान वजन ठरवण्याची पद्धत घातली. 2015 च्या डिसेंबरमध्ये यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या वजन उतरवताना दगावला, तेव्हा वन चॅम्पियनशिपने लघवीची तपासणी सुरू केली. सुकलेला आढळला तर काट्यावर बरोबर असूनही उतरला असे धरत नाहीत. या तपासण्यांनाही पळवाटा काढणारे आहेतच, पण निदान प्रश्न योग्य जागी विचारला जातो.

मुष्टियुद्धात हे अवघड आहे, कारण तेथे एक घर नाही. चार मोठ्या संस्था, त्यांचे चार पट्टे, प्रत्येक राज्याचा आणि देशाचा निराळा आयोग, आणि या सर्वांवर सामना भरवणाऱ्यांची थैली. तरी एक गोष्ट उद्याही करता येईल. परवाना आयोग देतो, डॉक्टरही आयोगाचाच असतो. महिनाभर आधीपासूनची वजने त्या डॉक्टरच्या वहीत असावीत, आणि पाण्यासंबंधीचे कोणतेही कलम त्याच्या सहीवाचून करारात येऊ नये. वाढीची मर्यादा घालायचीच असेल, तर ती त्या योद्ध्याच्या नेहमीच्या वजनावरून त्याने ठरवावी. समोरच्याच्या वकिलाने नव्हे.