मोठ्या शब्दांचें माहेर

(बोरीवली येथें कष्टकरी मंडळींच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही आपल्यापुढें शब्दांविषयीं बोलणार आहों. शब्दांनीं कोणाचें पोट भरत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण शब्दांच्या जोरावर पुष्कळांचीं पोटें मारलीं गेलीं, हेंहि तितकेंच खरें आहे. धर्म, कर्म, गुण, प्रमाण असे भारी शब्द कोणी उच्चारले कीं आपण मान खालीं घालतों. हा शहाण्यांचा प्रांत, आपलें येथें काय काम, असें मनाशीं म्हणतों आणि बोलणारा सांगेल तो अर्थ मुकाट्यानें पदरांत घेतों. आमचें आजचें सांगणें एवढेंच कीं, हे शब्द परके नाहींत. त्यांतले पुष्कळसे आपल्याच शेतांतून, मागावरून आणि चाकावरून उठून पोथींत जाऊन बसले आहेत.

प्रथम पोथीचेंच पाहूं. 'ग्रंथ' या शब्दाचें मूळ बांधणें, गुंफणें या अर्थाच्या धातूंत आहे. ताडपत्रें दोरींत ओंवून बांधलीं कीं झाला ग्रंथ! आपली रोजची 'गांठ' त्याच घरची. ग्रंथांतलें 'सूत्र' म्हणजे सूत. 'तंत्र' म्हणजे मागावर ताणलेला ताणा. साळी-कोष्टी बांधवांनो, तुमचा माग नसता तर शास्त्रकारांस आपल्या शास्त्राला नांव द्यावयास शब्द कोठून मिळाला असता?

सांख्यशास्त्र सांगतें कीं, सत्त्व, रज आणि तम अशा तीन गुणांनीं सृष्टि बनली. 'गुण' या शब्दाचा जुना अर्थ दोरीचा पदर. तिपदरी दोर ज्यानें हातानें वळला आहे, त्याला हें तत्त्व समजावयास कितीसा वेळ लागेल? 'योग' म्हणजे जुंपणें. बैलाच्या मानेवरचें 'जूं' त्याच कुळांतलें. 'प्रमाण' म्हणजे मापण्याचें साधन. धान्य मापणाऱ्यास तें शिकवावयास नको. 'शेत' हा शब्द 'क्षेत्र' यापासून आला, आणि गीतेच्या तेराव्या अध्यायांत देहालाच क्षेत्र म्हटलें आहे, व त्याला जाणणारा तो क्षेत्रज्ञ. नुसता शेताचा धनी म्हणविणें वेगळें आणि शेत जाणणें वेगळें, हें कुळवाडी माणसाला कोणी सांगावयाची गरज नाहीं.

आतां न्यायशास्त्राकडे वळूं. तेथें कांहींहि सिद्ध करावयाचें झालें कीं दाखला ठरलेला: घट आणि पट, म्हणजे मडकें आणि कापड. सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें 'तर्कसंग्रह' लिहिला. विद्यार्थी अजून त्यापासून न्यायाचा श्रीगणेशा करितात. त्यांत कारणांचे तीन प्रकार सांगितले आहेत. कापडाचें समवायी कारण सूत. सुताचा सुताशीं झालेला जोड हें असमवायी कारण. आणि माग, धोटा व विणणारा हें निमित्त कारण. नांवें अवघड आहेत, गोष्ट मात्र साळ्याच्या पोराला पाळण्यांतच कळलेली असते.

या पंडितांचा एक मोठा वादहि आपल्याच अंगणांतला आहे. सांख्य म्हणतात, कार्य हें कारणांत आधींपासूनच असतें. तिळांत तेल आहे म्हणूनच तें घाण्यांतून निघतें. आपल्या आयाबाया हेंच म्हणतात: आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? नैयायिक उलट म्हणतात, घट ही नवीच वस्तु आहे. घट मातींत आधींच असता तर मातीच्या गोळ्यानेंच पाणी कां आणतां येत नाहीं? शेंकडों वर्षें विद्वान् या प्रश्नावर भांडले. तेल्याचा घाणा आणि कुंभाराचें चाक दोघांच्याहि कामीं आलें. पण त्या तेल्याला आणि कुंभाराला शास्त्राच्या पाठशाळेंत बसावयास जागा मिळाली नाहीं. दाखला घरांत घेतला आणि दाखल्याचा धनी उंबऱ्याबाहेर ठेवला!

परंतु सदासर्वकाळ असेंच होतें, असें कोणी समजूं नये. याचा पुरावा दूर शोधावयास नको. तो आपल्या बोरीवलीच्या डोंगरांत दगडावर कोरलेला आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांतलीं कान्हेरीचीं लेणीं आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. शंभरांहून अधिक लेणीं तेथें आहेत. जुन्या लेखांत त्या डोंगराचें नांव 'कण्हसेल', म्हणजे काळा डोंगर. तेथील जुने लेख ब्राह्मी लिपींत आणि लोकांच्या प्राकृत भाषेंत आहेत. ती लिपि पुढें कोणालाच वाचतां येईना, इ. स. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनें ती उलगडली, तेव्हां दगड बोलूं लागले.

आणि ते बोलले काय? कल्याणच्या सामिदत नांवाच्या सोनारानें पाण्याचें टाकें दिलें. कल्याणच्याच एका लोहारानें वाट करून दिली. कोणी शेत दिलें. 'मंगलठाण' नांवाच्या ज्या गांवचें शेत दिल्याचें एका लेखांत आहे, तें आपलें मागाठाणेंच, असें अभ्यासक मानतात. या लेखांतलें 'लेण' म्हणजे आपलें लेणें, 'पाणिय' म्हणजे पाणी. सुमारें अठराशें वर्षांमागला दगड आपल्याच बोलीच्या आजीच्या तोंडानें बोलतो आहे.

त्या लेखांत एक शब्द वारंवार येतो: 'देयधम', म्हणजे देण्याचा धर्म. 'धर्म' याचें मूळ धारण करणें, तोलून धरणें यांत आहे. कान्हेरीच्या सोनारापुरता त्याचा अर्थ सरळ होता: तहानेल्यास पाणी. पुढें त्याच शब्दाखालीं कायदा आला, जातीजातीचे आचार आले. इंग्रजी अमलांत 'रिलिजन' याला तो प्रतिशब्द ठरला आणि शिरगणतींत त्याचा एक रकाना झाला. तेव्हां 'हा तुझा धर्म आहे' असें कोणी म्हणालें, तर विचारावें: कोणता? पाण्याच्या टाक्याचा, कीं शिवाशिवीचा?

'कर्म' या शब्दाचें तर विचारूंच नका. 'कर्म' आणि आपलें रोजचें 'काम' हा एकच शब्द. प्राकृतांत 'कम्म' झाला आणि मराठींत 'काम'. पण मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत शूद्राला एकच कर्म नेमून दिलें: वरच्या वर्णांची निमूट सेवा. आणि पुढें दारिद्र्याचें कारण पुसलें तर उत्तर मिळूं लागलें कीं, हें तुझ्या मागल्या जन्मींचें कर्म. काम या जन्मीं आम्हीं करावें आणि हिशेब मागल्या जन्मींचा दाखवावा, असा हा व्यवहार!

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शब्दाचें मूळ कळलें म्हणजे त्याचा आजचा अर्थ ठरला, असें नव्हे. योग जुंपण्यावरून आला म्हणून योगी कांहीं बैल होत नाहीं. अर्थ वापरानें ठरतो आणि वापर बदलतो. पण यांतूनच मोठी गोष्ट निघते. अर्थ जर माणसांच्या वापरानें बदलत असेल, तर तो आभाळांतून उतरलेला नाहीं, आणि तो बदलण्याचा हक्क आपल्यालाहि आहे. जोतीराव फुल्यांनीं हेंच केलें. जगाच्या कर्त्यासाठीं त्यांनीं 'निर्मिक' हा शब्द योजिला. निर्मिक म्हणजे घडविणारा. त्यांच्या मरणानंतर १८९१ सालीं निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त तो जागोजाग आहे. ज्यांचे हात घडवितात, त्यांना हा शब्द जवळचा वाटला यांत नवल नाहीं.

म्हणून आमचें मागणें लहानसें आहे. मूल पुस्तकांतला भारी शब्द घेऊन आलें, तर 'मला काय कळतंय' असें म्हणून त्याला परत लावूं नका. त्याच्याबरोबर बसा आणि तीन प्रश्न विचारा: हा शब्द कोणत्या कामांतून आला? आज तो कोण वापरतो? आणि त्याच्या वापरानें कोणाचें भलें होतें, कोणाचें बुडतें? उत्तर लगेच सांपडलें नाहीं तरी चालेल. पोराला विचारण्याची संवय तर लागेल. आणि एखाद्या रविवारीं त्याला कान्हेरीला न्या. टाक्याजवळ उभें करून सांगा कीं, असें पाणी येथें एका सोनारानें दिलें आणि त्याला त्यानें धर्म म्हटलें. पुढें कोणीहि त्याला धर्म शिकवूं लागला, तर त्याच्याजवळ मापावयास एक माप राहील.