आडनाव झाकलं जातं तेव्हा

माझं नाव ऐकून लोक हमखास विचारतात, ‘मराठी कुठं शिकलात?’ अशा वेळी मला आयर्लंडमधलं ‘मॅक इर्विशी’ हे दुर्मीळ आडनाव आठवतं. स्लायगो भागातलं हे घराणं आपल्या हेळव्यांसारखं पिढीजात वंशावळी राखणारं. त्यातल्या डूअल्तखनं १६४९-५० मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, गॉलवे शहरात आयरिश कुळांच्या वंशावळींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. १६७१ मध्ये त्याचा खून झाला. इंग्रजी वळणात या आडनावाचं ‘फोर्ब्ज’ झालं. पण फोर्ब्ज स्कॉटलंडमधूनही आलेले. त्यामुळे आज आयर्लंडमध्ये एखादा फोर्ब्ज भेटला, तर तो कुठल्या घरचा, हे नुसत्या नावावरून कळत नाही. सगळ्यांची कुळं लिहिणाऱ्याचंच कूळ असं झाकलं गेलं. त्या प्रश्नाला मी उत्तर देतो, ‘आईकडून.’