संबळ, सनई आणि मृदंग : आपल्या घरच्या वाद्यांची वाटचाल

(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी मला ‘लोकवाद्यांचा इतिहास’ हा विषय दिला आहे. विषय समुद्राएवढा, आणि माझ्यापाशी सामग्री म्हणजे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण व आयुष्यभर खडू धरलेला हात. तेव्हा वारल्यांचा तारपा, शाहिरांचे तुणतुणे, भजन्यांची एकतारी ही सारी वाद्ये आज मी नमस्कार करून बाजूस ठेवतो. आपण गुरव मंडळी. शिवालयाची पूजा, बेलपत्री, पत्रावळी आणि देवापुढील वाद्यसेवा ही कामे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली. जी वाद्ये आपल्या घरांतील खुंट्यांवर टांगलेली असत, त्यांच्याविषयीच बोलावे हे बरे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तारेची ती तत, कातडे मढवलेली ती अवनद्ध, फुंकून वाजणारी ती सुषिर आणि धातूची ती घन. गावच्या देवळातील आरतीकडे पाहिले तर यातील तीन वर्ग एकाच वेळी कानी पडतात. अवनद्ध वाद्यांच्या जन्माची तेथील कथा मोठी गोड आहे. स्वाती नावाचे ऋषी पाणी आणण्यासाठी सरोवरावर गेले असता पावसाची सर आली. कमळाच्या लहान, मध्यम व मोठ्या पानांवर थेंब पडून निरनिराळे ध्वनी उमटले. ते ध्वनी मनात साठवून ऋषी आश्रमात परतले आणि त्यांवरून पुष्कर नावाचे वाद्य निर्माण झाले. कथेतील इतिहास किती आणि कल्पना किती, हा पंडितांचा प्रश्न. मला तिच्यातील एक गोष्ट मोलाची वाटते. वाद्य घडवणाऱ्याने आधी ऐकले, मग हात चालवला.

‘मृदंग’ हा शब्दच सांगतो की त्याचे अंग मातीचे होते. बंगालमधील खोल आणि आपल्या गोमंतकातील घुमट ही वाद्ये आजही मातीचीच आहेत. आपल्याकडे मात्र मृदंग लाकडाचा झाला. माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे कारण चालणे हे असावे. गळ्यात वाद्य अडकवून पंढरीची वाट तुडवणाऱ्याला, गर्दीत धक्के खाणाऱ्याला, मातीचे भांडे कसे परवडावे? लाकूड जड खरे, पण ते फुटत नाही.

येथे एक कारागिरीची गोष्ट सांगतो, कारण माझ्या मते या वाद्यांच्या इतिहासाचे मर्म तिच्यात आहे. नुसते ताणलेले कातडे ठणठण वाजते. त्याचा आवाज खाली आणायचा, त्याला स्वर द्यायचा, तर त्यावर काही वजन ठेवावे लागते. भरताच्या काळी नदीकाठची माती आणून ती कातड्याला लावीत, आणि ती कोणत्या गुणाची असावी याचाही विचार त्या ग्रंथात केलेला आहे. पुढे मातीची जागा कणकेने घेतली. आजही पखवाजाच्या डाव्या पुडीवर वाजवण्यापूर्वी ओली कणीक थापतात व बैठक संपली की खरवडून काढतात. उजव्या पुडीवर लोखंडाच्या बारीक चूर्णाची व खळीची शाई कायमची बसली. तमाशातल्या ढोलकीत तर हा मसाला डाव्या पुडीच्या आतल्या बाजूस गेला, कारण फडावर उभ्याने वाजवणाऱ्याला दर वेळी कणीक मळण्यास सवड कोठली! नदीची माती, घरातली कणीक, पुडीवरची शाई, आतला मसाला : कातड्याला बोलते करण्याची ही परंपरा दीड-दोन हजार वर्षांची आहे. ज्यांनी हे शोध लावले, त्यांतील एकाचेही नाव कोणत्या पोथीत नाही.

आता संबळाकडे वळू. एक लहान व एक मोठे अशी दोन भांडी एकमेकांस जखडलेली, कमरेशी बांधून दोन काठ्यांनी वाजवायची. गोंधळी त्यावर भवानीचा गोंधळ घालतात. आपल्याकडे ते सनईच्या जोडीने देवळात व लग्नमंडपात वाजते. काठ्यांपैकी एक सरळ, दुसरी टोकाशी वाकडी. मुले मला विचारीत, गुरुजी, ही काठी वाकडी का? ती वाकडी अशासाठी की मोठ्या भांड्यावर ती नुसती आपटायची नसते, कातड्यावर घासत दाबायची असते. त्या घासण्यातून जो घुमारा निघतो, तो पखवाजवाला कणकेने काढतो. नाचत-फिरत वाजवण्याच्या वाद्याला कणीक लावली तर ती सुकून गळेल. म्हणून कोणा अनामिकाने काठीच वाकवली. ज्याला आपण गावंढळ वाद्य म्हणतो, त्यात ही बुद्धी आहे.

लेण्यांतील पुरावाही पाहण्याजोगा आहे. मावळातील भाजे येथे दोन उभी चर्मवाद्ये वाजवणारी एक स्त्री व तिच्या शेजारी नाचणारी दुसरी स्त्री कोरलेली आहे. काही उत्साही मंडळी तिच्यापुढील वाद्यास सरळ ‘तबला’ म्हणतात. मला ही घाई वाटते. पुष्कराच्या कुळातले उभे वाद्य म्हणावे, एवढ्याने तिचा मान कमी होत नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात मध्ये नर्तकी व भोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा सहावा अध्याय केवळ वाद्यांचा आहे. पटह, हुडुक्का, मर्दल, निःसाण अशा कितीतरी वाद्यांची मापे व बांधणी त्याने दिली आहे. शार्ङ्गदेव यादवांच्या दरबारी हिशेबाच्या खात्यावर होता. हिशेबनीसाने वाद्ये मोजून ठेवली म्हणून आपल्याला ती कळली, असे मी वर्गात गमतीने म्हणत असे.

सनई आणि नगारा यांची गोष्ट वेगळी. ‘शहनाई’ हे नाव फार्सी, तर ‘नगारा’ हा अरबी ‘नक्कारा’. ही नावे बाहेरून आली, आणि त्यांबरोबर राजद्वारी ठराविक वेळी नौबत झडण्याची रीतही दृढ झाली. रायगडावर राजसभेच्या दाराशी उभा असलेला नगारखाना आपण सर्वांनी पाहिलाच असेल. राजाच्या दारी जे वाजले, ते देवाच्या दारीही वाजू लागले, आणि पुढे यजमानाच्या दारी लग्नात. ज्या वाद्याचे नाव परदेशचे, त्यावाचून आज आपल्याला मंगलकार्य अपुरे वाटते. जातिवंत वाद्य आणि परके वाद्य असा भेद करून भांडणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पखवाजाने उलटसुलट दोन्ही प्रवास केले. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे यांनी एकोणिसाव्या शतकात इंदूरला होळकरांच्या आश्रयास राहून पखवाजाचे मोठे घराणे उभे केले. उलटपक्षी आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी भजनाच्या परंपरेतून येऊन मैफलीच्या व्यासपीठावर पोचले व त्यांना पद्मश्री मिळाली. दिंडी आणि दरबार यांत वाटते तेवढे अंतर नव्हते.

आता थोडे कटू बोलतो. आपल्यातील पुष्कळ घरांनी वाद्य खाली ठेवले आहे. याला कोणी आळस म्हणतात. मी म्हणणार नाही. हलगीचा इतिहास आठवा. गावकीच्या बंधनाने ज्यांना ती वाजवावी लागे, ज्यांना त्याबद्दल मान तर नाहीच, उलट अस्पृश्यता मिळे, त्यांतील अनेकांनी 1956 च्या धर्मांतराच्या आगेमागे ते काम स्वाभिमानाने सोडले. ते योग्यच झाले. सक्तीने वाजवलेले वाद्य कितीही मधुर असो, त्याची थोरवी आपण ऐकणाऱ्यांनी सांगू नये. आपली स्थिती तितकी हलाखीची नव्हती. आपल्याला बलुते होते, देवळात जागा होती. पण ‘वाजंत्री’ हा शब्द ज्या स्वरात उच्चारला जाई तो आपण विसरलेलो नाही. एका लग्नात पहाटेपासून सनई-संबळ वाजवणाऱ्या आमच्या मंडळींना पंगत उठल्यावर मंडपाबाहेर पाने मांडलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्या घरातील मुलाने पुढे सनई हाती धरली नाही, तर त्याला दोष कसा द्यावा? बलुते संपले, मान मिळाला नाही, आणि आता कार्यालयातील कर्ण्यावर ध्वनिमुद्रित सनई फुकट वाजते.

पण सोडताना काय सोडले याचा हिशेब कोणी केला नाही. वाद्य बाजारात पुन्हा मिळेल. कातडे कसे कमवावे, पुडी किती ओली असता ताणावी, पावसाळ्यात संबळाचा स्वर उतरला तर काय करावे, काकडआरतीला कोणता ठेका व शेजारतीला कोणता, हे मात्र हातातून हातात जाणारे ज्ञान आहे. आज पुण्या-मुंबईच्या ढोलपथकांत शेकडो तरुण-तरुणी हौसेने ढोल वाजवतात, याचा मला आनंद आहे. परंतु त्या ढोलांची पाने आता बहुधा प्लास्टिकची असतात, आणि त्यांना ना शेकावे लागते ना मढवणाऱ्याची गरज उरते. मी प्लास्टिकचा शत्रू नाही. बदल करावाच लागतो. गोव्याच्या घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले. तेव्हा घुमट संपेल असे वाटण्याजोगी स्थिती आली. कारागिरांनी बकऱ्याचे कातडे लावून घुमट टिकवले, आणि 2019 साली गोवा शासनाने त्याला वारसा-वाद्याचा मान दिला. तेथे कातडे बदलले, पण मढवणारा हात आणि वाजवणारा हात दोन्ही राहिले. आपल्याकडे संबळ पूर्वीचाच आहे, हात मात्र उठून गेले.

म्हणून माझी एक विनंती आहे, तेवढी सांगून मी खाली बसतो. पुढील मेळाव्यास येताना प्रत्येक कुटुंबाने घरात असलेले जुने संबळ, सनई वा पखवाज बरोबर आणावा. तो फुटका असला तरी चालेल. भांडे कशाचे, मढवणारा कोणत्या गावचा, घरात शेवटचे कोणी वाजवले आणि कोणते ठेके त्यांना येत होते, एवढे वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून आणावे. वहीत नोंदी करण्यास मी स्वतः दाराशी बसेन. ज्या आजोबांची बोटे अजून चालतात, त्यांच्यासाठी सकाळच्या सत्रात दोन तास राखून ठेवावेत, असे मी चिटणिसांना सुचवले असून त्यांनी ते मान्य केले आहे.